शेजारी बदलला की

१७३५ साली कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने सगळ्या सजीवांची यादी करायला घेतली, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. कामाची पद्धत शिस्तशीर होती. प्राण्याचं नाव लिहायचं, पुढे दात कसे, बोटं किती, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या खुणा लिहायच्या आणि त्यावरून त्याचा गट ठरवायचा. माणसाला त्याने चतुष्पादांमध्ये टाकलं, तेही माकडं आणि झाडाला उलटा लटकणारा सुस्त स्लॉथ यांच्या सोबतीला. आणि खुणा लिहायची वेळ आली तेव्हा त्याने एवढंच लिहिलं : 'स्वतःला ओळख'.

मला ही नोंद फार आवडते. तिच्यात तत्त्वज्ञान आहेच, पण थोडा चावटपणाही आहे. वाचणाऱ्यालाच कामाला लावून लिनियस पुढच्या प्राण्याकडे वळला. बारा वर्षांनी एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याने खरी अडचण सांगून टाकली. निसर्गशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा माणूस आणि वानर यांच्यातला एक तरी फरक मला कुणीतरी दाखवा, मला तो सापडलेला नाही, आणि माणसाला वानर म्हणावं तर सगळे धर्मशास्त्री माझ्यावर तुटून पडतील, अशा अर्थाचं ते पत्र आहे.

तत्त्वज्ञांनी मात्र ही जागा कधी रिकामी ठेवली नाही. माणूस म्हणजे काय, याची उत्तरं अडीच हजार वर्षं येतच आहेत. ती एकामागून एक वाचत गेलं की एक गंमत ध्यानात येते. उत्तर देणारा स्वतःकडे पाहून उत्तर देतो आहे असं वरवर वाटतं, पण त्याची नजर कुंपणापलीकडे असते. तिकडे कोण उभं आहे ते पाहून तो 'मी हा नव्हे' असं म्हणतो, आणि मग त्या 'नव्हे'ला छान शब्दांत मांडतो. शेजारी बदलला की व्याख्या बदलते.

प्लेटोच्या वर्तुळात माणसाची व्याख्या 'पिसं नसलेला दोन पायांचा प्राणी' अशी केली गेली आणि डायोजिनीस हा फटकळ तत्त्वज्ञ पिसं उपटलेला कोंबडा घेऊन तिथे आला, 'हा घ्या प्लेटोचा माणूस' म्हणत. मग व्याख्येत 'रुंद, सपाट नखांचा' अशी भर घालावी लागली. ही गोष्ट नेहमी विनोद म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातली ती नखांची डागडुजी जास्त बोलकी वाटते. व्याख्या फसली की ती टाकून द्यायची नाही, एक अट वाढवायची, ही खोड तेव्हापासूनची.

अ‍ॅरिस्टॉटलने कुंपण दोन्ही बाजूंनी घातलं. नगराशिवाय जगू शकतो तो एकतर पशू असतो किंवा देव, असं तो म्हणतो. खाली पशू, वर देव, मधल्या पट्ट्यात आपण, आणि आपल्या हातात बुद्धी. आपल्याकडची मांडणीही फार वेगळी नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ती अजून पाठ असेल : आहारनिद्राभयमैथुनं च सामान्यमेतत् पशुभिर्नराणाम्. खाणं, झोप, भीती आणि कामवासना ही पशूंची नि माणसांची सारखीच. माणसाकडे जास्तीचा आहे तो धर्म, आणि तो नसेल तर माणूस पशूच. भर्तृहरीने धर्माच्या जागी साहित्य, संगीत आणि कला ठेवली नि त्या नसलेल्याला शेपूट आणि शिंगं नसलेला साक्षात पशू म्हटलं. हे श्लोक म्हणताना त्यातल्या वजाबाकीकडे आपलं लक्ष जात नाही. माणसातून पशू वजा करायचा आणि जे उरेल त्याला माणूस म्हणायचं, असा हा हिशेब आहे. भूक, झोप, भीती, शरीराची ओढ हे सगळं पशूच्या खात्यात गेलं. ते आपलं असूनही आपलं नव्हे. हे खातं पुढे लागणार आहे.

या वजाबाकीत एक मोठा धोका असतो. कुंपण पशूंसाठी म्हणून घातलं जातं आणि बाहेर माणसं ठेवली जातात. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात. दुसऱ्याची बुद्धी कळण्याइतकी बुद्धी त्यांच्यात असते, स्वतःची अशी नसते. हे वाक्य ग्रीसमध्येच राहिलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण १५५० साली स्पेनमधल्या वायादोलिद इथे सम्राट पाचव्या चार्ल्सने विद्वानांचं मंडळ बसवलं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांशी युद्ध करून त्यांना ताब्यात घेणं न्याय्य आहे का, हा प्रश्न होता. सेपुल्वेदा हा विद्वान युद्धाच्या बाजूने अ‍ॅरिस्टॉटलचा तो निसर्गतः गुलाम घेऊन उभा राहिला. समोर बार्तोलोमे दे लास कासास हा धर्मगुरू होता. त्याने त्या लोकांची शहरं, कायदे, कारागिरी यांचे दाखले देत दिवसचे दिवस आपलं लेखी म्हणणं वाचलं. ते आपल्यासारखेच विवेकी आहेत, हे त्याला सिद्ध करून दाखवावं लागलं. मंडळाने स्पष्ट निकाल दिलाच नाही.

आणि हाच लास कासास काही दशकांपूर्वी, मूळ रहिवाशांवरचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत, असं सुचवून बसला होता. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला, तसं त्याने लिहूनही ठेवलं. इतक्या कळवळ्याच्या माणसानेसुद्धा कुंपण काढलं नव्हतं, थोडं सरकवलं होतं, एवढं मला यातून दिसतं.

आपल्या परंपरेने इथे अधिक चांगलं करायला हवं होतं, कारण आपल्याकडे माणूस आणि पशू यांच्यातली भिंत मुळात पातळ. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतून तोच जीव फिरतो. आज मुंगी आहे तो उद्या माणूस, आणि उलटही. गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शी पंडिताचं वर्णन आहे. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक, म्हणजे चांडाळ, या सर्वांकडे तो समान दृष्टीने पाहतो. श्लोक उदात्त आहे. पण यादीचा क्रम पाहा. ब्राह्मणानंतर दुसरा माणूस येतो तो कुत्र्याच्याही नंतर. समता सांगतानाही उतरंड तशीच राहिली.

ती फक्त श्लोकात राहिली असती तर हा शब्दच्छल ठरला असता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायलं, त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता. मज्जाव माणसांना होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या परिषदेत आंबेडकर म्हणाले त्याचा आशय असा, की या तळ्याचं पाणी प्यायल्याने आम्ही अमर होऊ असं नाही, ते प्यायलो नाही तर मरू असंही नाही. इतरांसारखीच आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला आम्ही तिथे जातो. मुंगीतही आत्मा पाहणाऱ्या देशात हे सिद्ध करावं लागत होतं. म्हणून 'आमच्याकडे सर्वांभूती ईश्वर आहे' असं कुणी अभिमानाने सांगू लागलं की मी जरा सावध होते. तत्त्वज्ञानाने भिंत पाडली म्हणजे पाणी मिळतंच असं नाही.

सतराव्या शतकातल्या रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने शेजारी बदलला. त्याच्या काळात घड्याळं, कारंज्यांच्या पाण्यावर हलणारे पुतळे, नाना तऱ्हेची स्वयंचलित यंत्रं लोकांना भुरळ घालत होती. त्याने पशूंना सरळ त्यांच्यात जमा केलं : प्राणी म्हणजे देवाने घडवलेली उत्तम यंत्रं. माणसाचं शरीरही यंत्रच, फक्त आत विचार करणारा आत्मा. १६३७ सालच्या पुस्तकात त्याने एक कसोटी दिली. हुबेहूब माणसासारखं यंत्र केलं तरी ते ओळखायचं कसं? ते शब्द उच्चारेल, पण समोरचा काय म्हणाला ते समजून, कोणत्याही प्रसंगाला साजेसं उत्तर त्याला जुळवता येणार नाही. आणि ते मंदातल्या मंद माणसालाही येतं. बोलणं ही आतल्या आत्म्याची पावती ठरली. ही कसोटी लक्षात ठेवण्यासारखी आहे, ती पुढे फार अंगाशी येणार आहे.

त्याला खरा धक्का दिला तो बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने. १६४३ च्या मे महिन्यात तिने त्याला पत्र लिहून विचारलं : आत्म्याला आकार नाही, वजन नाही, तो कशाला स्पर्शही करत नाही, मग तो शरीराला हलवतो कसा? देकार्तने उत्तर दिलं, पण ते टाळाटाळीचं होतं. तिने जूनमध्ये पुन्हा लिहिलं. निराकार वस्तू शरीराला हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच आकारमान आहे असं मानणं मला सोपं जाईल, असं ती म्हणाली. आणि आणखी एक गोष्ट तिने विचारली, जी मला त्या सगळ्या पत्रव्यवहारात सर्वांत धारदार वाटते. नीट विचार करायची सवय जडलेला आत्मा शरीरातल्या थोड्याशा वाफांनी ती सारी शक्ती कशी घालवून बसतो? त्या काळच्या वैद्यकात मन झाकोळायचं कारण म्हणून शरीरातल्या वाफांकडे बोट दाखवत. ती हद्दपार झालेल्या घराण्यातली. आजारपण आणि घरच्या विवंचना तिच्या मागे कायम. विचार आणि शरीर वेगळे आहेत, हे आजारी माणसाला पटवणं कठीण असतं.

तिचा तो प्रश्न मला माझ्या आत्याजवळ बसून कळला. आत्याला विस्मरणाचा आजार होता. शेवटी शेवटी ती कुणालाच ओळखत नसे, वाक्य सुरू करी आणि अर्ध्यावर विसरून जाई. जॉन लॉक या इंग्लिश तत्त्वज्ञाच्या हिशेबाने बघायला गेलं तर 'व्यक्ती' म्हणजे स्वतःला काल-आज-उद्या तोच ओळखणारी जाणीव. धागा तुटला की व्यक्ती संपली. त्याने माणूस वेगळा आणि व्यक्ती वेगळी, अशी फोडच केली होती. पोपट तत्त्वज्ञान बोलू लागला तरी आपण त्याला हुशार पोपटच म्हणू, आणि आपल्या आकाराचा प्राणी जन्मभर पोपटाइतकाही विचार न करता जगला तरी त्याला मठ्ठ माणूसच म्हणू, असं तो म्हणतो. आत्या या फोडीत नेमकी कुठे बसत होती?

कुणी खोलीत आलं की ती पलंगावर थोडी सरकायची. कोण आलं आहे हे तिला कळायचं नाही. पण हाताचा आधार घेऊन, कष्टाने, ती भिंतीकडे सरकायची आणि मोकळ्या झालेल्या चादरीवर तळवा फिरवून सुरकुती काढायची. मग वर पाहायची. नाव गेलं, नाती गेली, सकाळ आहे की संध्याकाळ ते गेलं, आणि येणाऱ्याला जागा करून द्यायची असते हे राहिलं. लॉकच्या पानांवर मला यासाठी शब्द सापडला नाही. ही नुसती शरीराची सवय होती असं म्हणता येईल. म्हणा. पण मग माणूसपणाचा बराच भाग शरीराच्या सवयीत राहतो, असंही म्हणावं लागेल, आणि ते देकार्तला चालणार नाही.

डार्विनबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी थोडक्यात उरकते. १८७१ मध्ये त्याने म्हटलं की माणूस आणि वरचे प्राणी यांच्या मनातला फरक मोठा असला तरी तो कमी-अधिकचा आहे, जातीचा नाही. त्यानंतर कुंपणाचे खांब एकेक करून पडले. हत्यारं फक्त माणूस बनवतो, हा त्यांतला एक मजबूत खांब होता. १९६० मध्ये टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात जेन गुडालने एका नर चिंपांझीला वाळवीच्या वारुळात गवताची काडी खुपसून, काडीला चिकटलेली वाळवी ओठांनी टिपताना पाहिलं. चिंपांझी पानं ओरबाडून फांदीची काडीही करत. ही बातमी कळल्यावर तिचे मार्गदर्शक, मानववंशशास्त्रज्ञ लुई लीकी यांनी तार केली की आता हत्याराची व्याख्या बदलायला हवी, माणसाची बदलायला हवी, नाहीतर चिंपांझींना माणूस मानायला हवं. आपण काय केलं? नखांची डागडुजी. हत्यार वापरतो तो नव्हे, हत्यार बनवायला हत्यार वापरतो तो माणूस. मग व्याकरण असलेली भाषा. मग दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज.

हे चालू असतानाच कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला नवा शेजारी राहायला आला होता. १९५० साली अ‍ॅलन ट्युरिंगने यंत्र विचार करू शकतं का, या प्रश्नाऐवजी एक खेळ सुचवला : लेखी प्रश्नोत्तरांतून माणूस कोण आणि यंत्र कोण, हे ओळखता येतं का पाहा. देकार्तचीच कसोटी, फक्त हेतू उलटा. त्या लेखातला एक नमुना-संवाद बारकाईने वाचण्यासारखा आहे. परीक्षक विचारतो, ३४९५७ अधिक ७०७६४ किती? उत्तर देणारा तीसेक सेकंद थांबतो आणि सांगतो, १०५६२१. बेरीज करून पाहा. बरोबर उत्तर १०५७२१ आहे. ही चूक ट्युरिंगने मुद्दाम घातली असावी असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही. माणूस वाटायचं असेल तर वेळ लावायचा आणि चुकायचं. बुद्धी ही माणसाची खूण मानली गेल्याला दोन हजारांहून जास्त वर्षं झाली होती, आणि इथे एक गणिती शांतपणे सांगत होता की खूण बुद्धीची नव्हे, चुकण्याची.

आता तर परीक्षक आणि परीक्षार्थी यांची अदलाबदल झाली आहे. एखाद्या संकेतस्थळावर शिरताना यंत्र मला विचारतं, तू यंत्र नाहीस ना? नऊ चौकोन येतात, सिग्नल असलेले निवडा म्हणून. सिग्नलचे दिवे दोन चौकोनांत आहेत, खांब तिसऱ्यात उतरला आहे. खांब म्हणजे सिग्नल का? मी अ‍ॅरिस्टॉटलसारखी विचार करत बसते, वस्तूचं सार कशात आणि उपाधी कशात, आणि तेवढ्यात मुदत संपून नवीन चौकोन येतात.

बुद्धिबळ एकेकाळी बुद्धीची परमावधी मानलं जाई. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने गॅरी कास्पारोव्हला हरवलं आणि बघता बघता बुद्धिबळ म्हणजे 'नुसती आकडेमोड' झाली. आता यंत्रं निबंध लिहितात, कविता रचतात, सांत्वनाचे शब्द बोलतात. भर्तृहरीची कसोटी लावायची तर साक्षात पशू कोण, याचं उत्तर अडचणीचं होईल. म्हणून माणूसपणाबद्दलचं अलीकडचं बोलणं कान देऊन ऐका. यंत्राला भूक नाही. त्याला झोप येत नाही, ते थकत नाही. त्याला मरणाची भीती नाही. त्याला शरीर नाही, स्पर्शाची ओढ नाही, प्रेमात पडून ते वेडं होत नाही. हे सगळं आपल्याकडे आहे, म्हणून आपण माणूस.

आहार, निद्रा, भय, मैथुन. सुभाषितकाराने पशूच्या खात्यात टाकलेल्या चारही गोष्टी आपण एका पिढीत परत मागून घेतल्या आणि त्यांना माणसाचं सार म्हणू लागलो. पशू शेजारी होता तेव्हा आपण बुद्धी होतो. यंत्र शेजारी आलं आणि आपण शरीर झालो. कुणी नवा पुरावा आणला म्हणून हे झालं नाही. तोंड फक्त दुसऱ्या दिशेला वळलं.

मला ही नवी व्याख्या जुन्यापेक्षा बरी वाटते, आत्यामुळे असेल. पण ती घेतली तर तिची किंमतही द्यावी लागेल, आणि ती देण्याची तयारी मला फारशी कुठे दिसत नाही. वेदना, भीती, भूक हेच जर मोलाचं असेल तर ते आपल्यापुरतं राहत नाही. १७८९ मध्येच जेरेमी बेंथमने लिहिलं होतं की प्राण्यांना विचार करता येतो का किंवा बोलता येतं का, हा प्रश्नच नाही. त्यांना यातना होतात का, हा प्रश्न आहे. कायद्याला तिथे पोचायला बराच वेळ लागला. २०२२ साली ब्रिटनने प्राण्यांच्या संवेदनक्षमतेचा कायदा केला, त्यात पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांबरोबर ऑक्टोपस, खेकडे आणि शेवंडेही घेतले. खेकड्याला दुखतं हे ठरवायचं कसं, हा प्रश्न तेव्हा शास्त्रज्ञांपुढे होता. तो बोलत नाही, ओरडत नाही, त्याचा चेहरा बदलत नाही.

त्यासाठी झालेला एक जुना प्रयोग आहे. रिकाम्या शंखात घर करून राहणारे खेकडे असतात. त्यांना काही जातींचे शंख जास्त आवडतात, काही नाइलाजाने चालतात. रॉबर्ट एलवूड आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशा खेकड्यांना शंखाच्या आत विजेचा हलका झटका दिला. शंख नावडता असेल तर खेकडे तो सोडून बाहेर पडत. शंख आवडता असेल तर त्यांतले बरेच आतच थांबत, तेवढा झटका सोसून. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंख कोणता याने फरक पडायला नको होता. इथे दुखणं आणि घर यांचा कुठेतरी हिशेब होत होता.

आता देकार्तची कसोटी पुन्हा लावून बघा. माझ्या टेबलावरचं यंत्र तिला उतरतं. त्याला 'तुला दुखतं का' असं विचारलं तर ते कोणत्याही प्रसंगाला साजेसं, नीट जुळवलेलं उत्तर देतं, कारण माणसांनी दुखण्याबद्दल लिहिलेलं अफाट वाङ्मय त्याने पचवलं आहे. त्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही. खेकडा त्याच कसोटीत पहिल्या प्रश्नालाच नापास होतो, आणि त्याला दुखत असणार याबद्दल माझी जवळपास खात्री आहे. ज्या पावतीवर आपण एवढी शतकं माणूसपण मोजून घेतलं, ती पावती आता एकाला मिळते आणि दुखतं दुसऱ्याला.